दोन फुटी टँक, निऑन टेट्रा आणि बेळगावची थंडी: आठ महिन्यांनंतर

दुकानदार म्हणाला होता, "आज पाणी भरा, उद्या मासे सोडा." मीही सोडले. दहा निऑन टेट्रा, शहापुरातल्या घरी, हॉलमधल्या नव्याकोऱ्या टँकमध्ये. आठवड्याभरात सात गेले. पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसत होतं.

चूक नंतर कळली. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो त्यांना विषच. त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. उरलेले तिघे मित्राच्या जुन्या टँकमध्ये पाठवले आणि माझा टँक दीड महिना बिनमाशांचाच चालवला. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजू द्यायचं, म्हणजे त्यातल्या अमोनियावर जिवाणू वाढतात. आई म्हणायची, "कुणाला घालतोस रे?" मग ते तिघे परत आणले आणि नवे नऊ घेतले. आज अकरा आहेत. एकाचा रंग उडाला, पाठ वाकडी झाली. त्याला वेगळा ठेवला, पण वाचला नाही.

टँक साधारण पंचावन्न लिटरचा. आमचं बोअरचं पाणी जड, किटलीत पांढरा थर धरतं, म्हणून नळाचंच वापरतो. नळ रोज येत नाही, आला की दोन बादल्या भरून दिवसभर उघड्या ठेवतो, क्लोरीन उडून जातो. आठवड्याला पाव टँक पाणी बदलतो. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धुतला की जिवाणू गेलेच.

हीटर लागत नाही म्हणणाऱ्यांनी डिसेंबरात पहाटे आमच्याकडे यावं. 50 वॅटचा लावलाय, 25 अंशांवर. पावसाळ्यात करंट गेला की मात्र हीटरपेक्षा हवेची काळजी; बॅटरीवरचा एअर पंप ही माझी सगळ्यात शहाणी खरेदी.

सोबत्यांचं म्हणाल तर कोरिडोरस उत्तम, तळाशी गप्प फिरतात. दोन काळे विडो टेट्रा आणले होते, त्यांनी गप्पीच्या शेपट्या कुरतडून झालरीच्या चिंध्या केल्या. सहा-आठ असते तर आपसांत खेळले असते म्हणतात, पण तेवढी जागा कुठे? मावसभावाला देऊन टाकले. शेजारचे काका एंजल माशांची जोडी फुकट देत होते, तीही नाकारली. मोठा झालेला एंजल निऑनला खाऊच समजतो.

निऑनना खाद्य बोटांत चुरून द्या, तोंड फार बारीक असतं यांचं. एकदा पहाटे आईने दिवा लावला आणि ओरडली, "अरे, पांढरे पडले बघ, मेले काय की!" निऑन अंधारात रंग सोडतात. आम्ही दोघं काचेसमोर उकिडवे बसलो. आधी निळी रेघ उजळली, मग शेपटीकडचा लाल भाग. चहा तोवर उतू गेला.