आमिश मुलगी, बाहेरचं प्रेम आणि बाप्तिस्म्याची तारीख

आमिश म्हणजे अमेरिकेतला, मोटारी आणि बऱ्याच आधुनिक सोयी टाळून साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ. अशा घरातली मुलगी पंथाबाहेरच्या मुलाच्या प्रेमात पडली, की आपण लगेच ‘घर की प्रेम’ असा प्रश्न मांडतो. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत किंवा ओहायोतल्या होम्स काउंटीत मात्र आधी वेगळीच गोष्ट पाहावी लागते : तिचा बाप्तिस्मा, म्हणजे पंथात रीतसर दाखल होण्याचा विधी, झालाय का?

आमिश लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. साधारण १८ ते २२ या वयात मंडळीसमोर, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांसमोर, गुडघे टेकून पंथाचे नियम पाळण्याचा शब्द स्वतःच्या तोंडाने द्यायचा. त्याआधी ती निघाली, तर आईवडील रडतील, समजूत घालायला येतील. पण तिने कुठला शब्द मोडलेला नसतो, म्हणून बहिष्कार नाही. बहिणीच्या लग्नात ती सगळ्यांच्या पंगतीला बसू शकते.

शब्द दिल्यावर निघाली तर मंडळी तिला वाळीत टाकते. ज्यांच्यावरून पंथाला नाव मिळालं ते याकोब आमान १६९३ मध्ये स्विस मंडळींपासून वेगळे झाले, ते बऱ्याच अंशी बहिष्कार कडक पाळावा या आग्रहापायीच. ही मुलगी माहेरी आली तर आई दार उघडते, जेवायलाही वाढते, पण पान वेगळ्या टेबलावर. तिच्या हातातून वाडगा घ्यायचा नाही. तिने तो टेबलावर ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. सगळीकडे इतकं कडक नसतं, पण जिथे असतं तिथे रोजच्या जेवणातच ते बोचतं. चूक कबूल करून परतता येतं खरं. पण बाहेर लग्न झालं असेल तर कसं परतणार? घटस्फोट मंडळीला मान्य नाही.

राहण्याची बाजूही हलकी समजू नये. कोठार जळालं तर शेजारी जमून नवं उभारतात, इस्पितळाचं बिल मंडळी वाटून घेते. बाहेर पडणारीकडे आठवीपर्यंतचंच शिक्षण असतं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आमिश पालकांना तशी मुभा दिली. म्हणजे नोकरी आणि छप्पर, दोन्हींसाठी सुरुवातीला त्या मुलावरच भिस्त. प्रेम कितीही खरं असलं तरी मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

मधला रस्ता मेनोनाइट किंवा बीची आमिश या थोड्या सैल नियमांच्या भाऊबंद पंथांतल्या मंडळीचा. श्रद्धा जवळची, मोटार चालते, आणि तिकडे गेलेल्यांवरचा बहिष्कार काही ठिकाणी सैल करतात. मुलगा तिच्यासोबत यायला तयार असेल, तर मी आधी याचाच विचार करायला सांगेन. त्याने आमिशच व्हावं ही अपेक्षा सहसा फोल ठरते. त्यासाठी पेनसिल्व्हेनिया डच या त्यांच्या जर्मन बोलीपासून सगळं शिकावं लागतं आणि टिकणारे फार थोडे.

मन ठरत नसेल, तर निदान आईवडिलांच्या समाधानासाठी बाप्तिस्मा घेऊ नये. बाप्तिस्म्याआधी उमेदवारांना शिकवणीचा वर्ग असतो; यंदाचा सोडून पुढच्या वर्षी बसता येतं. शब्द देऊन मोडण्यापेक्षा न दिलेला बरा, असं वर्गाच्या शेवटी धर्मसेवक स्वतःच उमेदवारांना बजावतात आणि माघारीची मोकळीक देतात.