पाइनवरची जेली बुरशी ओळखायला अंबाल्याचा स्वस्त सूक्ष्मदर्शक: पैसे वसूल होतात का?

निकाल आधीच सांगून टाकतो: वसूल होतात, पण चाळीसच्या (म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या) भिंगापर्यंतच. शंभरचं ऑइल इमर्शन (तेलाचा थेंब घालून वापरायचं) भिंग सोबत देतो म्हणून दुकानदार हजारभर वाढवून मागत असेल, तर नम्रपणे नको म्हणा. कारण पुढे येईलच.

हे परीक्षण एका कंपनीच्या एका मॉडेलचं नाही. अंबाल्याला बनणारा, एका डोळ्याने बघायचा, शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तो ‘स्टुडंट मायक्रोस्कोप’ म्हणजे हा. नाशिकमध्ये शालेय प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत नाव काहीही असलं तरी घाट हाच मिळतो. दहाचं आणि पंधराचं आयपीस (डोळ्याकडचं भिंग), दहा आणि चाळीसचं (काहींत पंचेचाळीसचं) ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याकडचं भिंग, खाली आरसा किंवा एलईडी. किंमत साधारण चार-पाच हजारांच्या आतबाहेर. डब्यावर ‘६७५ पट’ असं ठळक छापलेलं असतं. तो १५ गुणिले ४५ चा हिशोब आहे. चित्र मोठं दिसतं, तपशील एक कणही वाढत नाही. पंधराचं आयपीस डब्यातच राहू द्या.

काम एकच तपासायचं होतं. सूचिपर्णी झाडाच्या मेलेल्या लाकडावर पावसाळ्यात येणारी पिवळी-नारिंगी, लिबलिबीत बुरशी नक्की कोणती, हे या यंत्रावर ठरवता येतं का?

नाशिकमध्ये पाइन कुठून आलं, असं कुणीही विचारेल. जंगलात नाही, पण अंबड-सातपूरच्या कारखान्यांबाहेर रचलेल्या पॅलेटमध्ये, यंत्रांच्या खोक्यांत आणि दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांच्या निर्यातीतून उरलेल्या फळ्यांत भरपूर आहे. उन्हाळाभर उघड्यावर पडलेली ही फळी जुलै-ऑगस्टात भिजून फुगली, की भेगांतून नारिंगी जिभा डोकावायला लागतात. फळीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ अक्षरं दिसली, तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आहे. त्याने आतले किडे मरतात. लाकडात औषध काही उरत नाही, त्यामुळे नंतर ओल लागली की बुरशी खुशाल येते.

आता पहिली फसगत लाकडाची. सुरूचं झाड लांबून पाइनसारखं दिसतं, त्याच्या ‘सुया’ही गळतात, पण ते सूचिपर्णी नाही. पॅकिंगला पाइनखेरीज आंबा, निलगिरी, सिल्व्हर ओक असं जे हाती लागेल ते वापरतात. जेली बुरशीच्या बाबतीत निम्मं उत्तर लाकूड कुठलं यावर असतं, म्हणून अंदाजपंचे चालत नाही. फळीचं टोक ब्लेडने स्वच्छ कापून दहाच्या हातभिंगाखाली धरा. बारीक छिद्रं दिसली तर पाइन बाद. पाइनमध्ये तशी छिद्रं नसतात. वाढीची वलयं असतात आणि मधूनमधून राळेच्या नळ्यांचे एकटेदुकटे ठिपके.

खरी खात्री मात्र याच सूक्ष्मदर्शकाने होते, आणि ही त्याची सगळ्यात न सांगितली जाणारी सोय आहे. फळीच्या कडेचा, लाकडाच्या लांबीच्या दिशेने पण वलयांना आडवा जाणारा पातळ छिलका ब्लेडने काढा, पाण्यात बसवा आणि चाळीसखाली बघा. लांबट पेशींवर एका रांगेत गोल खळगे दिसतात. प्रत्येकात एक वर्तुळ आणि त्याच्या आत दुसरं लहान वर्तुळ. हे दिसलं आणि रुंद वाहिन्या कुठेच नसल्या, की लाकूड सूचिपर्णी. सुरूचा छिलका शेजारी ठेवून बघितला तर फरक लगेच कळतो.

मोबाइलवर लावायच्या मॅक्रो भिंगाबद्दल थोडक्यात: फोटोला छान, ओळखीला अपुरं. फोटोवरून नाव सुचवणारी अ‍ॅप नारिंगी, सुरकुतलेलं काहीही दिसलं की ‘ट्रेमेला मेसेंटेरिका’ म्हणून मोकळी होतात. ती ट्रेमेला मुळात लाकूड खात नाही. ती पेनिओफोरा नावाच्या पापुद्र्यासारख्या बुरशीवर जगते आणि तो पापुद्रा रुंदपर्णी झाडांच्या फांद्यांवर असतो. पाइनवर तसाच पिवळा गोळा दिसला, तर डॅक्रिमायसीस क्रायसोस्पर्मसची शक्यता कितीतरी जास्त. बाहेरून दोन्ही सारख्याच. तरी एक खूण बघावी: डॅक्रिमायसीस लाकडाला चिकटते तिथे बूड पांढरट असतं. नमुना ओरबाडून आणला तर नेमकं तेच तुटून मागे राहतं. म्हणून लाकडाच्या ढलपीसकट काढा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घरी येईपर्यंत त्याचा चिकट रस्सा होतो.

वाळून पापडी झालेला नमुना टाकून देऊ नका. पाण्यात अर्धा तास ठेवला की बहुतेक वेळा पुन्हा फुगतो. याच पाण्यात आणखी एक भानगड सुटते: पाइनच्या फळीवर राळेचे पिवळे थेंब असतात आणि ते वाळलेल्या जेली बुरशीसारखेच दिसतात. राळ पाण्यात फुगत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते.

आता स्लाइड. इथेच बहुतेकांचं चुकतं आणि दोष यंत्रावर जातो.

तुकडा रव्याच्या कणाएवढा घ्या, त्याहून मोठा नको. सुरकुतीच्या वरच्या, बाहेरच्या पृष्ठभागाचा घ्या, कारण बीजाणू तयार करणाऱ्या पेशी तिथेच असतात. आतला गर नुसता लगदा असतो. नुसत्या पाण्यात ही जेली दबत नाही, कव्हर स्लिपखालून (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचेखालून) सुळकन बाजूला सरकते. त्यासाठी ३ टक्के कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लागतं. शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम. दाणे पाण्यात टाकायचे, दाण्यांवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, हे द्रावण कातडी जाळतं. एक थेंब टाकून दोन मिनिटं थांबा, टिपकागदाने जादाचं शोषून घ्या, मग पेशी रंगवायला एक टक्का काँगो रेडचा थेंब. वर कव्हर स्लिप आणि पेन्सिलच्या खोडरबराच्या टोकाने सरळ खाली दाब, चोळायचं नाही. काँगो रेड नसेल तर लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू चालतं, नाशिकमध्ये ते सहज मिळतं. मात्र त्यात फिनॉल असतं, तेव्हा ते वापरताना खिडकी उघडी हवी.

दहावर जागा शोधा, चाळीसवर जा, डायफ्रॅम, म्हणजे खालून उजेड येण्याचं भोक, अर्ध्याच्या आसपास लहान करा. पूर्ण उघड्या डायफ्रॅममध्ये हे सगळं इतकं फिकं दिसतं की ‘काहीच नाही’ वाटतं. आता बीजाणू धरणाऱ्या पेशींचा आकार बघा. लांबट देठ आणि वर दोन लांब फाटे, थेट बेचकी दिसली, तर डॅक्रिमायसीसचं कुळ ठरलं. पेशी गोलसर असून उभ्या भिंतींनी दोन किंवा चार भागांत वाटलेली असेल, तर ट्रेमेला किंवा एक्सिडिया या जेली बुरशींकडे वळा. नळकांडीसारखी आणि आडव्या भिंतींची असेल तर ती ऑरिक्युलारिया, म्हणजे कानाच्या आकाराची तपकिरी बुरशी. चाळीसच्या भिंगाचं न्यूमरिकल अ‍ॅपर्चर (बारकावे वेगळे दाखवण्याच्या क्षमतेचा आकडा) ०.६५ असतं, म्हणजे साधारण अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भेद कळतो. बेचकीचे फाटे त्याहून चांगलेच जाड असतात. या कामात हे स्वस्त यंत्र महागड्याच्या पंगतीला बसतं.

बीजाणूंच्या आतल्या भिंती मोजणं हा पुढचा टप्पा. नाशिकच्या फळ्यांवर सगळ्यात जास्त जी दिसेल ती डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथुलारिया: सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंच, बुडाशी अरुंद, टोकाशी पसरट, भेगेतून ओळीने उगवणारी. उष्ण प्रदेशांत सगळीकडे आहे, रुंदपर्णी लाकडावरही येते. तिचे बीजाणू साधारण ८ ते ११ मायक्रॉन लांब आणि मधे एकच आडवी भिंत. (याच बुरशीपासून काढलेले ग्लायकोलिपिड युरोपात शीतपेयं टिकवायला ई २४६ या क्रमांकाने वापरतात. पण तेवढ्यावरून फळीवरची खुडून खाऊ नका, एवढंच.) डॅक्रिमायसीस स्टिलॅटस म्हणजे काही मिलिमीटरच्या उशा, बीजाणू १२ ते १७ मायक्रॉन, पिकल्यावर तीन भिंती. क्रायसोस्पर्मसचे १८ ते २५ मायक्रॉन आणि सातपर्यंत भिंती.

‘पिकल्यावर’ हा शब्द महत्त्वाचा. पेशीला अजून चिकटलेल्या किंवा नुकत्याच सुटलेल्या बीजाणूत भिंत नसते, ती नंतर पडते. ताजी स्लाइड बघून ‘भिंती नाहीत, म्हणजे ट्रेमेला’ असा निकाल देणारे पुष्कळ आहेत. नमुना रात्रभर ओल्या टिपकागदासह झाकलेल्या डबीत, स्लाइडच्या वर आधार देऊन टांगा. खाली पडलेले बीजाणू सकाळी बघा आणि संध्याकाळी पुन्हा बघा. स्टिलॅटसची आणखी एक खोड आहे: तिच्या गडद नारिंगी उशांत अनेकदा बेचक्या सापडतच नाहीत, नुसत्या तुकड्या-तुकड्यांच्या साखळ्या असतात. ती तिची अलैंगिक अवस्था. शेजारची फिकट पिवळी उशी घ्या.

मोजण्यासाठी आयपीसमध्ये बसणारी मोजपट्टी वेगळी घ्यावी लागते. सोबत मिळणाऱ्या आयपीसमध्ये काळा काटा असतो, तो शिक्षकाने विद्यार्थ्याला दाखवण्यापुरता. दहा मिलिमीटरचे शंभर भाग असलेली पट्टी चाळीसखाली दर भागाला अडीच मायक्रॉनच्या आसपास येते, पण पुस्तकी आकडा धरू नका. एक मिलिमीटरचे शंभर भाग असलेली स्टेज मायक्रोमीटर एकदा कुणाकडून तरी आणून जुळवून घ्या. ती विकत घेण्याची गरज नाही, कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात असते.

हिमाचल-उत्तराखंडच्या ट्रेकवरून फोटो घेऊन येणाऱ्यांसाठी दोन ओळी. चीड-देवदाराच्या लाकडावर शिंगासारखी फाटे फुटलेली, चिवट, पिवळी असेल तर कॅलोसेरा व्हिस्कोसा. खालच्या बाजूला मऊ दातांसारखे टोचे असलेली पांढरट, अर्धपारदर्शक असेल तर स्यूडोहायड्नम जिलॅटिनोसम. या दोघी फोटोवरही ओळखू येतात. निमॅटेलिया एन्सेफाला मात्र कापल्याशिवाय नाही: ती पाइनवरच्या स्टिरियम सँग्विनोलेंटमवर वाढते आणि आत कठीण पांढरा गाभा निघतो. राखीव जंगलात परवानगीशिवाय तुकडा तोडू नये, त्यामुळे तिथे प्रश्न तसाच राहतो.

आता यंत्राच्या उण्या बाजू. आरशाचं मॉडेल नाशिकच्या पावसाळ्यात, म्हणजे नेमकं बुरशीच्या हंगामात, ढगाळ उजेडावर चालत नाही. एलईडीचंच घ्या. शंभरचं भिंग नको, कारण त्याला नीट कंडेन्सर (उजेड नमुन्यावर एकवटणारं भिंग) लागतो आणि या किमतीत बहुतेकदा नुसती भोकांची फिरती चकती असते. तेल घालूनही चित्र धूसरच येतं. चाळीसचं भिंग काचेच्या फार जवळ येतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. जेलीचा तुकडा जाड राहिला की कव्हर स्लिप वर उचलली जाते, भिंग तिच्यावर टेकतं आणि पोटॅश भिंगाला लागतं. लगेच ओल्या, मग कोरड्या लेन्स पेपरने पुसा, नाहीतर काचेवर कायमचा डाग बसतो. कव्हर स्लिप ०.१७ मिलिमीटरच्याच मागा. जाड स्वस्त स्लिपखाली चांगलं भिंगही मवाळ दिसतं.

दुकानात घेतानाच कांद्याचा पापुद्रा बसवून बघा. चाळीसखाली मधल्या पेशी रेखीव असाव्यात, कडेला थोडं धूसर चालेल. दहावरून चाळीसवर जाताना मधली पेशी चौकटीतच राहिली पाहिजे. फोकस लावून पाच मिनिटं हात न लावता ठेवा. नळी आपोआप खाली सरकत असेल तर ते यंत्र परत करा. ‘स्क्रू आवळून देतो’ असं म्हणतील, तो महिन्याभरात पुन्हा सैल होतो.

ठेवण्याची काळजी इगतपुरी-त्र्यंबककडच्यांनी जास्तच घ्यावी. सोबतची लाकडी पेटी दमट हवेत कामाची नाही, भिंगांवरच बुरशीचं जाळं चढतं आणि ते पुसून जात नाही. ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस काढून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्यांतले निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर फिरवून पुन्हा वापरता येतात. भिंगांच्या रिकाम्या जागी धूळ जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, त्या दुकानातूनच मागून घ्या.