नागपूरच्या महाल भागातले बाइंडर काका: आईचं पवित्र शास्त्र पुन्हा बांधून घेतलं

पाचपैकी चार तारे.

घरात एखादं जाडजूड पुस्तक खिळखिळं होऊन पडलं असेल तर बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत जा. दुकानाला पाटी नाही. वकिलांच्या पुस्तकांची आणि पीएचडीच्या प्रबंधांची थप्पी दाराबाहेर आली असेल तर तेच दुकान. गाडी चौकातच कुठेतरी लावा, गल्लीत नेऊ नका.

माझं काम होतं आईचं मराठी पवित्र शास्त्र. तिला लग्नात मिळालेलं. कणा कधीचाच सुटला होता, बाबांनी लावलेली सेलोटेप पिवळी पडून अक्षरांना धरून बसली होती. उरलेलं काम आमच्या चिरंजीवांनी केलं. स्तोत्रसंहितेतली पानं उपटून कूलरसमोर उडवली. काकांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "पोट्ट्यानं फाडलं ना? पुस्तकाचे दोनच दुश्मन भाऊ, वाळवी अन् नातू."

कामाबद्दल आधी सांगतो. आजकाल बरेच जण कण्यावर गोंद ओततात आणि वरून रेक्झिन चढवून मोकळे होतात. असं जाड पुस्तक सपाट उघडत नाही आणि वर्षभरात पुन्हा सुटतं. काकांनी जुनी खळ ओलवून काढली, एकेक जुज, म्हणजे घडीच्या पानांचा गठ्ठा, सुटा केला आणि जुजबंदीची शिलाई नव्याने घातली. खळ मैद्याची, तीत मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. फाटलेल्या पानांना इतका पातळ कागद लावलाय की खालची अक्षरं आरामात वाचता येतात. शास्त्राचा कागद मुळातच कांद्याच्या सालीसारखा, त्यावर हे काम करायला हात हलका लागतो.

शिलाईच्या आधी त्यांनी विचारलं, "कडा मारू का? एकसारखं दिसते मग."

नवीन बांधणीत कडा कापतातच. पण मी नको म्हणालो, कारण या पुस्तकाच्या समासात आईने चाळीस वर्षांचं लिहून ठेवलंय.

आई म्युर मेमोरियलमध्ये नर्स होती. तिचं लिखाण पेशंटच्या चार्टवर असतं तसं, निळ्या पेनाने, दोन-तीन शब्दांत. स्तोत्र १२१ शेजारी: "नाइट. बाळ सासूबाईंकडे." मार्कच्या नवव्या अध्यायात, जिथे आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, तिथे फक्त "१०४" आणि तारीख. तो ताप माझा होता. नीतिसूत्रांत एका ठिकाणी "दहावी. गणित." तेही माझंच. स्तोत्र १३, "किती काळ" असं विचारणारं, त्याच्या शेजारी नुसती तारीख आहे. आईला विचारलं तर म्हणाली, "ते माझं आणि देवाचं आहे, तू पुस्तक नीट धर."

मी सदरच्या चर्चमध्ये वाढलो. शब्बाथ शाळा, दृढीकरण, नाताळची गाणी, सगळं रीतसर. माझी प्रार्थनाही तशीच रीतसर होती: आजाऱ्यांना बरं कर, जगात शांती दे, आमेन. कुणाचं नाव नाही, काही नेमकं मागणं नाही, त्यामुळे ती ऐकली गेली की नाही हे बघायचीही गरज पडत नसे. मग मुलगा झाला आणि त्याला कावीळ निघाली, रक्तातलं बिलिरुबिन वाढलेलं. निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून तो पडलेला, आणि काचेच्या बाहेर माझ्या तोंडून एवढंच येत होतं, "प्रभू, बिलिरुबिन खाली आण." पाळकसाहेबांसमोर अशी प्रार्थना करायला मी लाजलो असतो. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी मागून उत्तराची वाट पाहत उभा होतो. आकडा उतरला. ज्यांचा उतरत नाही त्यांच्याबद्दल माझ्याकडे काही स्पष्टीकरण नाही, आणि देणाऱ्यांचा मला राग येतो.

तेव्हापासून शास्त्र वेगळं वाचलं जातं. हन्नाची गोष्ट लहानपणापासून पाठ: मूल नाही म्हणून मंदिरात रडली, ओठ हलतात पण आवाज नाही, एली याजकाला वाटलं दारू प्यायली आहे. पुढचं एक वाक्य मात्र आत्ता कुठे दिसलं. शमुवेलाला मंदिरात सोडल्यावर ती दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. म्हणजे वर्षभर न दिसलेल्या पोराचं माप ती अंदाजाने घेत होती! यंदा किती वाढला असेल, बाही पुरेल का. माझ्या मते तीही प्रार्थनाच.

समासातलं लिखाण काकांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून वाचलं आणि पंडिता रमाबाईंचा विषय काढला. त्यांच्याकडे कधीतरी रमाबाईंच्या भाषांतराची प्रत बांधायला आली होती म्हणे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं. १९२१मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली, १९२२मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि पुस्तक १९२४मध्ये बाहेर आलं. लेक गेल्यानंतरचे ते महिने त्या कशाच्या जोरावर बसल्या असतील, हे मूल होण्याआधी माझ्या डोक्यातही आलं नसतं.

काकांनी आपणहून शेवटी कोरी पानं शिवून दिली. "आता तुम्हाले लिहाले जागा पाहिजे," एवढंच म्हणाले. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पहिल्या पानावर "दाढा. रात्री दोन" असं लिहून झालंय.

एकूण साडेसातशे रुपये, अर्धे आगाऊ. ऑनलाइन चालतं. आठवड्याचा वायदा पाळला नाही, आणि फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. तारा मात्र त्यासाठी कापला नाही. सोनेरी अक्षरं तिरकी बसली आहेत, "पवित्र" वर आणि "शास्त्र" उताराला. काका म्हणाले काढून पुन्हा मारून देतो, पण आईने पुस्तक द्यायला नकार दिला. तुम्ही गेलात तर अक्षरं मारताना समोर उभे राहा, आणि समासात काही लिहिलेलं असेल तर कडांचं आधीच सांगा.