पॉवरलूमच्या लेथवर सायकलची फ्रेम : अक्कलकोट रोडवरील एका कारखान्याचे काम

गेल्या दीड वर्षात मी घरामागच्या पडवीत पोलादी नळ्यांची एक सायकल-फ्रेम हाताने बांधली आणि त्यातले जे काम माझ्या करवतीला व कानशीला झेपणारे नव्हते, ते सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लहानशा लेथच्या कारखान्यातून करून घेतले. हा मजकूर त्या कारखान्याच्या कामाविषयी आहे. मालकांचा मुख्य धंदा पॉवरलूमचे झिजलेले भाग भरून-घासून देण्याचा आहे. हौशी सायकलवाल्यांची रीघ लागू नये म्हणून त्यांनी नाव छापू नका अशी विनंती केली आणि पुढे काही उणिवा लिहायच्या असल्याने मलाही ते सोयीचे वाटले. कापड गिरण्यांच्या आणि मागांच्या आमच्या या गावात लेथवाला शोधत फिरावे लागत नाही. तेव्हा येथे नोंदवलेले अनुभव दुसऱ्या कोणाकडे काम नेणाऱ्यालाही उपयोगी पडावेत.

मी नेलेल्या नळ्या रेनॉल्ड्स कंपनीच्या 525 या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या होत्या. त्यांची भिंत दोन्ही टोकांना 0.8 मिलिमीटर आणि मधल्या भागात 0.5 मिलिमीटर जाड असते. जोडाजवळ, जिथे आच आणि ताण दोन्ही जास्त, तिथे धातू अधिक ठेवायचा आणि मधे वजन वाचवायचे, ही युक्ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी 1897 मध्ये पेटंट केली होती. बाहेरून पाहिले तर नळी एकसारखीच दिसते. फरक सगळा आतल्या बाजूला असतो. लूमचे जाडजूड ओतीव भाग रोज हाताळणाऱ्या कारागिराला ही अर्ध्या मिलिमीटरची नळी म्हणजे पत्र्याचा डबाच वाटावी आणि तो ती व्हाइसमध्ये आवळून चेपवून टाकील, ही माझी पहिली धास्ती होती.

ती खोटी ठरली. लेथ चालवणाऱ्या टर्नरने नळी हातात घेऊन नखाने टिचकी मारून पाहिली, काही न बोलता सागवानी लाकडाचे दोन ठोकळे आणले, त्यांच्या मधोमध नळीच्या मापाचे भोक पाडून ते उभे चिरले आणि त्या लाकडी जबड्यात नळी धरली. मग ठोकळे लेथच्या कॅरेजवर, म्हणजे सरकत्या बैठकीवर, बसवून फिरत्या चकमध्ये 28.6 मिलिमीटर व्यासाचा गोल कटर लावला. फ्रेमच्या प्रत्येक नळीच्या टोकाला दुसऱ्या नळीच्या गोलाईत चपखल बसणारी अर्धचंद्राकृती खाच पाडावी लागते आणि फ्रेमची अर्धी ताकद त्या खाचेच्या नेमकेपणात असते. ही खाच घरी कागदाचा नमुना नळीभोवती गुंडाळून, रेघ मारून, अर्धगोल कानशीने घासून करता येते. मी सरावासाठी तशा तीन केल्या आणि एकेकीला दीड तास लागला. लेथवर कोन लावायला वीस मिनिटे गेली आणि कापायला दोन. सीटच्या नळीवर वरची दांडी टेकवून मागून बॅटरीचा उजेड पाडला, तेव्हा फटीतून काहीच दिसले नाही. या एका कामासाठी मी या कारखान्याला पूर्ण गुण देईन. हँडलच्या नळीचा, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या ज्या आखूड नळीत हँडलचा दांडा फिरतो तिचा, व्यास 31.8 मिलिमीटर असल्याने तिच्याकडच्या खाचांना वेगळा कटर लागतो, हे मी सांगण्याआधी त्यांनीच विचारले होते.

पुढचा प्रसंग मात्र महागात पडला. नळीच्या दोन टोकांपैकी एका टोकाचा जाड भाग मुद्दाम लांब ठेवलेला असतो आणि फ्रेमच्या मापाप्रमाणे जास्तीची लांबी त्याच टोकाकडून कापायची असते. खालच्या मोठ्या नळीवर मी तशी खूण पेन्सिलीने केली होती. कटिंग ऑइलने ती पुसली गेली आणि मी चहा घ्यायला बाहेर गेलो असताना हाताखालच्या मुलाने सुमारे 60 मिलिमीटर उलट्या टोकाचे उडवले. जाड भाग तिथे जेमतेम लगच्या (नळ्यांची टोके ज्यात बसवून झाळतात त्या जोड-तुकड्याच्या) आत संपत होता, म्हणजे लगची कड बरोबर पातळ भिंतीवर येणार होती. ती नळी बादच करावी लागली. मालकांनी त्या दिवसाची मजुरी घेतली नाही, पण नळीची किंमत आणि दुसरी नळी येईपर्यंतचे पाच आठवडे माझ्याच खात्यावर गेले. पेन्सिलीची खूण ही माझी चूक होती, हे मान्य आहे. तरीही अनोळखी माल कापण्यापूर्वी एकदा विचारण्याची शिस्त कारखान्यात असायला हवी होती. तेव्हापासून मी टोके ऑइलपेंटने रंगवून नेतो.

आगीच्या कामाबद्दल, म्हणजे नळ्या झाळून जोडण्याबद्दल, माझे मत स्पष्ट आहे : ते इथे देऊ नये. तिथे झाळकाम करणाऱ्या मिस्त्रींचा हात पितळी डागावर बसलेला आहे. पितळ वाहायला सुमारे 900 अंश सेल्सिअस लागतात. मी लगच्या जोडांसाठी आणलेली 56 टक्के चांदीची कांडी 650 अंशांच्या आसपासच पाण्यासारखी पातळ होते आणि नळी व लग यांमधल्या 0.1 मिलिमीटरच्या फटीत आपोआप ओढली जाते. त्यासाठी पोलाद अंधारात कसेबसे लालसर दिसेल इतकेच तापवायचे असते. मी त्यांना सरावाचा एक जोड झाळायला दिला. त्यांनी सवयीप्रमाणे ऑक्सि-अ‍ॅसिटिलिनची मोठी ज्योत लावून तो चेरीसारखा लाल केला, जोडावर लावलेला फ्लक्सचा लेप काळा पडला आणि चांदी बाहेरच गोळा होऊन बसली. जोड लांबीत चिरून पाहिला तेव्हा ती आत एक-तृतीयांशसुद्धा गेलेली नव्हती, मात्र बाहेरून पाहणाऱ्याने त्याला उत्तमच म्हटले असते. मिस्त्रींनी तो चिरलेला तुकडा बराच वेळ निरखला आणि म्हणाले, “सर, हे सोनाराचं काम आहे, आमचं नाही.” एवढा प्रामाणिकपणा मला मोठमोठ्या दुकानांतही क्वचितच भेटला आहे. त्यांच्याकडे पडून असलेली स्वस्त चांदीची कांडी कॅडमियमयुक्त होती. तिचा धूर विषारी असतो, म्हणून ती तरी कोणी वापरू नये.

सगळे जोड शेवटी मी घरीच, गॅस आणि ऑक्सिजनच्या लहान टॉर्चवर, दिवस मावळल्यानंतर झाळले, कारण सोलापूरच्या उन्हाच्या उजेडात ती फिकट लाली दिसतच नाही. फ्लक्स पारदर्शक होऊन काचेसारखा चमकला की चांदी लावायची, एवढे एक लक्षण डोळ्यांत भरायला मला अकरा टाकाऊ जोड करावे लागले. दोन्ही बाजूंनी बंद होणाऱ्या मागच्या नळ्यांना आधी बारीक भोक पाडून ठेवावे लागते, नाहीतर आत कोंडलेली तापलेली हवा वितळलेली चांदी बाहेर फेकते.

झाळलेली फ्रेम पुन्हा कारखान्यात नेली ती पायडलच्या एक्सलचे घर (दोन्ही पायडलचे दांडे जोडणारा एक्सल ज्यात फिरतो तो फ्रेमचा खालचा आडवा भाग) सपाट करण्यासाठी. हे घर 68 मिलिमीटर रुंद असते, त्याचे आटे 1.37 इंच व्यासाचे आणि इंचाला 24 असतात आणि उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. टर्नरला आधी वाटले की बनवणाऱ्यानेच चूक केली आहे. पायडल मारताना उजवी बेअरिंगची वाटी ढिली होऊ नये म्हणून ती तशी असते, हे सांगितल्यावर तो हसला. या मापाचे आटे पाडायचे टॅप त्यांच्याकडे नव्हते, ती जोडी मी विकत घेऊन नेली. पण घराची तोंडे सपाट करायला त्याने आट्यांत घट्ट बसणारा मार्गदर्शक दांडा स्वतः लेथवर करून त्यावर कटर फिरवला. ही कल्पना त्याची होती आणि काम देखणे झाले. झाळताना किंचित आकसलेली सीटची नळीही त्याने रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवून सीटच्या 27.2 मिलिमीटरच्या दांड्यासाठी नीट करून दिली.

त्यांच्याकडे बिडाची एक जुनी सरफेस प्लेट, म्हणजे मापे तपासायची अगदी सपाट फळी, आहे. एक्सलच्या घराचे सपाट तोंड त्यावर आवळून सीटची नळी तपासली, तर वरच्या टोकाला फरक अर्धा मिलिमीटर निघाला. मागचे चाक ज्यांत बसते ती फ्रेमची दोन टोके 130 ऐवजी 132 मिलिमीटरवर होती आणि तीही मध्यापासून डावीकडे सरकलेली. एका टोकापासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले, की हे घरीही कळते. ते बेताने वाकवून सरळ करण्याचे काम त्यांनी सावकाश, दर वेळी मोजून केले. घाई कुठेही दिसली नाही.

पाच खाचांचे 1,000, तोंडे व आट्यांचे 900 आणि सरळ करण्याचे 500 असे 2,400 रुपये झाले. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. लूमचे काम आले की सायकलचे काम कोपऱ्यात जाते. दोन दिवसांचा वायदा सरासरी नऊ दिवसांवर गेला आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात तर कारखाना बंदच होता. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी उभे राहवत नाही, म्हणून सकाळी दहाच्या आत पोहोचावे आणि काम होईपर्यंत तिथेच थांबावे. रंगाआधी फ्रेमचे वजन 1.9 किलो भरले. गेल्या महिन्यात तिच्यावरून तुळजापूरपर्यंतचे सुमारे 45 किलोमीटर गेलो. घाटात उभे राहून पायडल मारतानाही एक्सलचे घर कुरकुरले नाही. दुसऱ्या फ्रेमच्या नळ्या मागवल्या आहेत. त्यांच्या खाचा इथेच होतील, फक्त त्या दिवशी मी चहा आतच मागवणार आहे.