खजुरातला सोंड्या भुंगा: गंध सापळा लावावा की खोडात औषध सोडावं?

कोकणातल्या नारळवाल्यांना हा तांबूस, लांब सोंडेचा भुंगा चांगलाच ओळखीचा आहे. मूळचा आपल्याच दक्षिण आशियातला. १९८० च्या दशकात तो आखाती देशांत पोचला, पुढच्या दशकात इजिप्त आणि स्पेनमध्ये. रोपांच्या, पिलांच्या (खजुराच्या बुंध्याशी फुटणाऱ्या फुटव्यांच्या) व्यापारातूनच तो इतका लांब गेला. कच्छमधल्या मुंद्रा-अंजारकडच्या खारकेच्या (तिकडे ताज्या खजुरालाही खारीकच म्हणतात) बागा असोत की आपल्याकडे कुणी नव्याने लावलेली बऱ्ही जातीची खजूर, प्रश्न एकच येतो: पैसे सापळ्यावर घालावेत की औषधावर?

सापळा म्हणजे भोकं पाडलेली बादली. आत भुंग्यांना बोलावणाऱ्या गंधाची पुडी, पाण्यात भिजवलेले खजुराचे तुकडे. हा गंध नर सोडतो, पण त्यावर नर-मादी दोघंही येतात, आणि सापडणाऱ्यांत माद्या जास्त असतात. एक मादी २००-३०० अंडी घालते आणि त्यांतल्या अळ्या खोड आतून पोखरतात, म्हणून प्रत्येक मादी पकडणं मोलाचं. भुंगा बागेत आहे की नाही, वाढतोय की घटतोय, हे सापळ्याइतकं स्वस्तात दुसरं काही सांगत नाही. पण खोडात शिरलेल्या अळीला तो हातही लावत नाही. शिवाय खजूर आणि पाणी आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलावं लागतं. ते जमणार नसेल तर सापळा लावूच नका. गंधाने भुंगे बोलवायचे आणि आत आमिष सुकलेलं, म्हणजे शेजारच्या झाडांवर आपणच पाहुणे सोडले. त्याच कारणाने सापळा कोवळ्या झाडांना चिकटून नको, बांधाकडे ठेवा.

इंजेक्शनचं काम वेगळं. खोडाला तिरकी भोकं पाडून आंतरप्रवाही, म्हणजे झाडात आतून पसरणारं, कीटकनाशक सोडतात. लवकर कळलं तर झाड वाचतं. सापळा हे कधीच करू शकत नाही. मात्र खजुराच्या खोडावरची जखम आंब्यासारखी भरून येत नाही, भोक कायम राहतं. दरवर्षी सगळ्या बागेला ‘खबरदारी’ म्हणून गिरमिट लावणं मला अजिबात पटत नाही. कच्छमध्ये खारीक जून-जुलैत ताजीच खाल्ली जाते, तेव्हा फळ झाडावर असताना औषध नकोच. कोणतं औषध, किती, हे आधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि विषारी वायू सोडणाऱ्या फॉस्फाइडच्या गोळ्या खोडात कोंबण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या विषावर उतारा नाही.

माझा कौल असा: झाडं वीस वर्षांच्या आतली असतील तर धोका जास्त, म्हणून सापळे आधी घ्या, आणि औषध फक्त लागण दिसलेल्या झाडालाच. पण ती लागण दिसायला माणूस झाडापाशी जायला हवा. खजुरात अळी बहुतेक जमिनीपासून मीटरभरातच असते, पिलं फुटतात तिथे. तपकिरी चिकट स्राव, आंबूस वास, चावलेला भुसा: यातलं एक जरी आढळलं तरी थांबू नका. खोड आतून पोकळ झालं की औषध वर चढत नाही. असं झाड तोडून, बारीक करून नष्ट करावं लागतं.

पिलं काढायची ती थंडीत काढा. ताज्या जखमेच्या वासावर मादी येते, तेव्हा त्याच दिवशी जखमेवर शिफारस केलेलं औषध लावून वर माती चढवा.