महाडीबीटीची शिष्यवृत्ती : पैसे येतात, पण वेळेवर हवे असतील तर घरात आधी असावे लागतात

सोलापुरात कन्ना चौकाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स म्हणायला, बारावीचा निकाल लागला की पुढचे कित्येक महिने खरा धंदा ऑनलाइन फॉर्मचा. आमच्या भागात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळं एकाच वाक्यात चालतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला मी अक्का. लोक वडापावच्या गाडीचाही रिव्ह्यू लिहितात. पोराच्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगची फी ज्या सेवेतून निघते त्या महाडीबीटीबद्दल, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलबद्दल, कुणी धड लिहीत नाही. लिहिलं तर नुसत्या शिव्या, नाहीतर सरकारी जाहिरातीतलं गोड गोड. मी रोज त्या साइटसमोर बसते, तर माझं मत घ्या : पाचपैकी साडेतीन. योजना म्हणून चार दिले असते. पैसे कधी येतील यावर मार्क द्यायचे तर मात्र एकच.

आधी चांगलं. २०१७ मध्ये हे पोर्टल आलं. त्याआधी समाजकल्याणचं वेगळं, तंत्रशिक्षणचं वेगळं, आदिवासी विकासचं वेगळं. पहिल्या वर्षीचा गोंधळ ज्यांनी पाहिलाय त्यांना आजची साइट म्हणजे लोणी वाटेल. आता एकदा प्रोफाइल भरली की तुम्ही कोणत्या योजनेत बसता ते तीच दाखवते, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायचं, सगळं पुन्हा नाही. ज्यांना 'आपल्याला कुठली मिळणार' असं वाटतं, त्यांचीही नावं निघतात. खुल्या वर्गातले कितीतरी बाप अजून म्हणतात, शिष्यवृत्ती आपल्यासाठी नसते ओ. असते की! राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती त्यांच्यासाठीच आहे. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आणि प्रवेश सरकारी कॅप फेरीतून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झालेला असला, की व्यावसायिक कोर्सची निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. आमच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या, पोरांना विशेष मागास प्रवर्गातून पूर्ण ट्यूशन फी मिळते. ओबीसीच्या मुलांना निम्मी.

मुलींचं मात्र वेगळं, आणि साडेतीनमधला निम्मा वाटा मी त्यालाच देते. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय : ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसीतल्या, ८ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, २०२४-२५ पासून. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही. सरकारवर वर्षाला ९०६ कोटींचा बोजा पडणार असं तेव्हा सांगितलं होतं. उच्च व तंत्रशिक्षण खात्याचे मंत्री चंद्रकांत पाटील तेव्हा आपल्या जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते, त्यामुळे सोलापुरात बातमी जरा लवकरच घरोघर पोचली.

परिणाम मी काउंटरवर पाहिला. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे एक मामा, पोरगा आणि पोरगी पाठोपाठची, दोघं इंजिनिअरिंगला, जात ओबीसी. पोरगीची ट्यूशन फी शून्य, पोराची निम्मी. मामा दोन्ही प्रिंट समोरासमोर धरून बघत होते. "म्हणजे अक्का, पोरगी स्वस्त पडली?" पोरगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "अप्पा, मला मार्क पण जास्त आहेत." याआधी याच काउंटरवर 'मुलगीला बीएला टाकू, पोराला डिप्लोमा करू' अशी वाटणी मी किती वेळा ऐकलीय, त्याला हिशेब नाही.

आता तक्रारी. पहिली फसगत 'मोफत' या शब्दानं होते. माफ होते ती ट्यूशन फी आणि परीक्षा फी. कॉलेजच्या पावतीवर त्याखाली विकास शुल्क असतं, मग लायब्ररी, जिमखाना, विमा, अनामत, कुठं कुठं ट्रेनिंगच्या नावानं काहीतरी. ते सगळं तुमच्या खिशातून. टीव्हीवर मोफत ऐकून आलेली आई पावती बघून माझ्यावरच डाफरते. म्हणून मी आता आधीच सांगते : प्रवेशाला जाताना फीचा तपशील बाबनिहाय मागा, एकूण आकडा विचारू नका. आणि मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतला असेल तर यातलं काहीच नाही. 'कॅपला थांबू नका, इथंच सीट देतो' असं गोड बोलून कुणी पोरीला घाईत प्रवेश दिला, तर त्या घाईची किंमत म्हणजे पूर्ण फी.

दुसरी तक्रार मोठी आहे, वेळेची. अर्ज तुम्ही भरता, मग तो कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला, तिथून प्राचार्यांच्या, तिथून जिल्ह्याच्या कार्यालयात, मग मंजुरी, मग निधी आला तर पैसे. प्रत्येक टेबलावर तो किती दिवस बसेल याचं बंधन दिसत नाही, आणि स्क्रीनवर फक्त 'छाननीत' असं येतं. छाननीत म्हणजे कुणाच्या टेबलावर, हे कळायला लागलं तरी निम्मा त्रास वाचेल. तोवर कॉलेज फी मागतंच. पात्र विद्यार्थ्याकडून पूर्ण फी आगाऊ घेऊ नका असं सरकार सांगतं. गावातल्या एका कॉलेजनं माझ्या भाचीला सांगितलं, 'भरून टाका, शिष्यवृत्ती आली की परत करू.' माझ्या बहिणीनं बचत गटातून कर्ज काढलं. पैसे पुढच्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर आले, व्याज बहिणीचं. मंजुरी मिळालेली, एक पैसा कापलेला नाही, नियमानं सगळं बरोबर. पण ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच ही योजना आरामात घेता येते, आणि ती काढलीय नसलेल्यांसाठी. माझा एक मार्क तिथंच कापला.

अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत वेगळीच गंमत होते. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. पैशात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. केंद्राचा वाटा २०२१-२२ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजची फीही असते. दोन वाटे एका दिवशी येत नाहीत. मोहोळकडच्या एका पोराच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली. घरच्यांना वाटलं शिष्यवृत्ती म्हणजे पोराचे पैसे. विहिरीवरची मोटर जळलेली होती, ती आणली. महिन्याभरानं कॉलेजचा फोन : फी भरा. चूक कुणाची म्हणू? मेसेजमध्ये फक्त 'जमा' येतं, त्यातला किती निर्वाह भत्ता आणि किती कॉलेजचा हे येत नाही. बापाला मी कागदावर दोन रकाने काढून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "हे आधी कुणी सांगाय नको का?"

साइटची म्हणून जी चिडचीड आहे ती बहुतेक कागदांची आहे. प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत हवा. ऐकायला सोपं. विडी वळणाऱ्या बाईचं रेशनकार्ड बघा : पिवळं, घडीवर फाटलेलं, सेलोटेप लावलेलं, तंबाखूच्या वासाचं, आणि नावं निळ्या शाईची, ती पण पुसट. नीट वाचता येईल असं स्कॅन केलं की साइज जास्त, साइज कमी केली की नावं गायब. मग कार्यालयातून अर्ज परत येतो, शेरा : 'कागदपत्र अस्पष्ट'. मी दोन पानं वेगळी स्कॅन करून, काळंपांढरं करून, एका पीडीएफमध्ये बसवते. ही कला मला पोर्टलनंच शिकवली, बाहेर कुठं कामाला येणार नाही. मुदत संपली की मुदतवाढ, ती संपली की आणखी एक. त्यामुळे 'अजून वेळ आहे' म्हणणारे शेवटच्या दिवशी रांगेत, आणि त्याच दिवशी ओटीपी येत नाही. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची वेगळी मदत आहे, ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. महाडीबीटीवर शोधत बसू नका.

पैसे मंजूर झाले आणि खात्यात दिसत नाहीत, हे रोजचं. कारण जवळपास ठरलेलं. पैसे तुम्ही दिलेल्या पासबुकाकडे बघत नाहीत. आधार ज्या बँकेशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) शेवटचं जोडलंय तिकडे ते जातात. पोरं मोबाईलवर कॅशबॅकसाठी खातं उघडतात, अंगठा किंवा ओटीपी देतात, आणि आधार तिकडे सरकतं हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं. सहा महिन्यांनी बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडतात. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघायला दोन मिनिटं लागतात. अर्ज भरायच्या आधी बघा. खातं 'छोटं खातं' प्रकारचं असेल तर वर्षात १ लाखापर्यंतच जमा होऊ शकतात, मोठी फी तिथं अडकते. पोराचं केवायसी पूर्ण करून घ्या.

वसतिगृहाचं मी थोडक्यात लिहिते, कारण माझं बहुतेक गिऱ्हाईक शहरातलंच. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार. सांगोला, मंगळवेढ्याहून येऊन जुळे सोलापुरात रूम करून राहणाऱ्यांनी हे बघायलाच पाहिजे. अडचण एकच : रूमचा मालक भाडेकराराला सही देत नाही, घरपट्टी वाढेल म्हणून घाबरतो. ते पोर्टल सोडवू शकत नाही. विद्यापीठाची 'कमवा व शिका' त्यातल्या त्यात हातात पैसे देते, पण ती वेगळी गोष्ट.

दाखल्यांबद्दल एक राग आहे तो काढते. कारखान्यात पगारपत्रक नसतं, उत्पन्न तोंडी. मग तलाठ्याचा अहवाल, मग सेतूतून तहसीलदारांचा दाखला. जून-जुलैत अख्खं शहर तिथंच. बारावीच्या परीक्षेनंतर एप्रिलमध्येच अर्ज करा : उत्पन्न, रहिवास, ओबीसी वगैरे असाल तर नॉन क्रिमीलेयर. जात वैधता प्रमाणपत्राला तर अकरावीतच हात घाला. आणि स्टॅम्प पेपर! या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० चा स्टॅम्प ५०० चा झाला, तरी आमच्याकडे लोक पाचशेचा कागद हातात घेऊन येतात. विकणारा सांगत नाही, टाइप करणारा सांगत नाही. मी सांगितलं तर शेजारचे दुकानदार माझ्याकडे बघून तोंड वाकडं करतात. करू द्यात.

महाडीबीटीवर अर्ज भरायला सरकारची फी शून्य आहे. घरात स्मार्टफोन आणि धीर असेल तर पोरानं स्वतः भरावा. माझ्याकडे आलात तर स्कॅनिंगसकट मी शंभर घेते आणि यूजर आयडी, पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून तुमच्याच हातात देते. कुणी 'पासवर्ड आमच्याकडेच राहू द्या, पुढच्या वर्षी लागेल' म्हणालं तर दुसरं दुकान बघा. कन्ना चौकात दुकानांना तोटा नाही.