तपासणीचा अहवाल आला तेव्हा नमुना नागपुरातच होता

माशांच्या टाकीतले डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे खडकांवर चिकट थर धरणारे एकपेशी सूक्ष्मजीव (थोडक्यात डायनो), मुळापासून घालवून देतो, असे सांगून एका माणसाने माझ्याकडून 24,430 रुपये घेतले. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मी सहा वर्षे समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतो आहे आणि आगाऊ पैसे मागणारे विक्रेते कसे वागतात हे मला ठाऊक नव्हते, असे मी म्हणू शकत नाही.

नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घरी दोनशे लिटरची टाकी आहे. तीत मऊ प्रवाळ आणि क्लाऊनफिशची एक जोडी आहे. एप्रिलमध्ये काचेवरचे शेवाळ कमी व्हावे म्हणून मी फॉस्फेट शोषणारे माध्यम गरजेपेक्षा जास्त वापरले आणि पाण्यातली नायट्रेट व फॉस्फेट ही दोन्ही पोषकद्रव्ये शून्यावर आली. डायनोंना नेमकी हीच स्थिती मानवते, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारे शेवाळ आणि जिवाणू उपाशी राहतात. पंधरा दिवसांत खडकांवर शेंबडासारखे तपकिरी धागे लोंबू लागले, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले असत. रात्री ते विरून जात आणि दुपारपर्यंत पुन्हा दिसत. मी घाबरून पाणी बदलत राहिलो, त्याने ते आणखी वाढले. अकरा गोगलगायींपैकी नऊ मेल्या.

अशा अवस्थेत तो माणूस मला समाजमाध्यमावर भेटला. तो स्वच्छ मराठीत बोलत असे, मला ‘दादा’ म्हणत असे आणि समुद्री जीवशास्त्र शिकल्याचे सांगत असे. त्याने आधी औषध विकायचा प्रयत्न केला नाही. आधी डायनोंची जात ओळखू, मग उपाय ठरवू, असे तो म्हणाला, आणि हे बोलणे शास्त्राला धरूनच होते. तपासणीचे 750 रुपये भरून मी सोमवारी संध्याकाळी पाण्याची बाटली मुंबईच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवली. मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्याचा अहवाल आला. त्यात सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो होता, डाव्या कोपऱ्यात हवेचा एक मोठा बुडबुडा होता, आणि खाली ‘ॲम्फिडिनियम’ असे डायनोच्या एका प्रकाराचे नाव लिहिले होते.

त्या क्षणी मी थांबायला हवे होते. कुरिअरची पावती माझ्या खिशात होती. त्याच दुपारी मी पार्सल कुठे पोहोचले ते पाहिले, तर ते नागपुरातल्याच केंद्रावर पडून होते. मी ते वाचले, आणि नोंद अद्ययावत झाली नसेल अशी स्वतःची समजूत घालून पुढच्या अर्ध्या तासात 17,480 रुपये पाठवले. त्यात औषधाचे 4,800, अतिनील (यूव्ही) किरणांनी पाण्यातले जंतू मारणाऱ्या यंत्राचे 11,500 आणि थंड पेटीतून पाठवण्याचे 1,180 रुपये होते. दुसरी खूण तर माझ्याच वाचनातली होती. ॲम्फिडिनियम वाळूत राहतो, रात्री पाण्यात फारसा येत नाही, त्यामुळे त्यावर यूव्हीचा उपयोग जवळजवळ होत नाही. यूव्ही चालतो तो रात्री पाण्यात तरंगणाऱ्या ऑस्ट्रिऑप्सिस या दुसऱ्या प्रकारावर. अहवालातले नाव आणि सुचवलेले यंत्र एकमेकांशी जुळतच नव्हते. बाहेर पारा 44 अंशांवर होता, दिवसातून दोनदा वीज जात होती आणि आठ वर्षांची मुलगी रोज शाळेतून आल्यावर मासे जिवंत आहेत का, असे विचारत होती. घाईत निर्णय घेतला म्हणून मला निर्बुद्ध ठरवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

पार्सल आले. यंत्र म्हणजे पारदर्शक नळीत बसवलेली निळी एलईडी पट्टी होती. जंतू मारणारे यूव्ही किरण डोळ्यांना घातक असतात, म्हणून खरे यंत्र बंद आवरणात येते. औषधात कच्च्या बटाट्याचा काप टाकल्यावर भरभरून फेस आला, म्हणजे ते हायड्रोजन पेरॉक्साइड होते, जे मेडिकलच्या दुकानात सहज मिळते. ‘जिवंत वाळू आणि कोपेपॉड’ (टाकीत सोडायचे कोळंबीसारखे सूक्ष्म जीव) म्हणून त्याआधीच भरलेले 6,200 रुपये तर पूर्णच बुडाले. ते पार्सल निघालेच नाही.

पैसे परत मागताच त्याची भाषा बदलली. पोलिसांत गेलात तर तुमच्याच टाकीतल्या प्रवाळांची चौकशी लावीन, असे तो म्हणाला. दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे हे खरे, पण माझ्या टाकीत एकही दगडी प्रवाळ नाही. तरीही मी आठ दिवस गप्प बसलो, आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. तुम्हाला कोणी अशी धमकी दिली, तर त्याच मिनिटाला फोन करा.

नवव्या दिवशी मी फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला आणि पोलीस ठाण्यात जायला सांगण्यात आले. ठाण्यातल्या साहेबांनी मला दोन तास बसवून ठेवले, मग माशांच्या औषधासाठी एवढे पैसे कोण देते, असे विचारले, आणि सायबर शाखेकडे पाठवले. सायबर शाखेने रक्कम लहान असल्याने ठाण्यातच अर्ज द्या, असे सांगितले. मी पुन्हा ठाण्यात गेलो, तेव्हा साहेब बंदोबस्तावर होते. बँकेचे उत्तर एका ओळीचे होते: पिन तुम्हीच टाकला, म्हणून जबाबदारी तुमची. पैसे ज्या खात्यात गेले ते खाते त्या बँकेने कोणाची ओळख पाहून उघडले, हे विचारणे माझा हक्क नाही का? चार कार्यालये आणि सहा फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक ठिकाणी मला आरोपीसारखे उभे राहावे लागले. पावतीवरचा जीएसटी क्रमांक मी नंतर सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला. तो एका कापड दुकानाचा निघाला. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पैसे देण्याआधी करा.

शेवटी एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या मित्राने सूक्ष्मदर्शक उपलब्ध करून दिला. थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाला धरून गिरक्या घेत होत्या. तो ऑस्ट्रिऑप्सिस होता. मी नायट्रेट 5 पीपीएमच्या (दहा लाख भागांत पाच भागांच्या) पुढे आणि फॉस्फेट 0.1 पीपीएमपर्यंत वाढवले, पाणी बदलणे थांबवले, डायनोंचे विष शोषून घ्यायला सक्रिय कार्बन ठेवला, आणि ओळखीच्या दुकानातून बंद आवरणाचे यूव्ही यंत्र स्वतः चालवून पाहून आणले. धागे पाच आठवड्यांत गेले. ते हाताने काढताना हातमोजे घाला, कारण ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जातींचे विष माणसालाही त्रास देते.

माझी तक्रार अजून ‘प्रलंबित’ आहे. गेल्या आठवड्यात वर्ध्याच्या एका परिचिताने मला त्याच्या टाकीचा म्हणून आलेला अहवाल पाठवला. विक्रेत्याचे नाव वेगळे होते, क्रमांक वेगळा होता, पण फोटोत डाव्या कोपऱ्यात तोच बुडबुडा होता. त्याने अजून पैसे पाठवले नव्हते.